आयजीजी पॉझिटिव्ह आली, म्हणून सहा महिने अँटिव्हायरल?

कर्वेनगरहून एका आईने पत्र पाठवलं आहे. मुलगी २७ वर्षांची, शिवाजीनगरला बँकेत नोकरी करते. गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला, घसा धरला, मानेत गाठी आल्या. ताप दहा दिवसांत उतरला, पण अंगातली ताकद काही परत आली नाही. त्याला आता अकरा महिने झाले. रात्रभर झोपूनही सकाळी थकलेलीच असते, वाचलेलं डोक्यात राहत नाही, ओट्याशी पाच मिनिटं उभी राहिली की छाती धडधडते. रक्ततपासणीत ईबीव्ही (एपस्टीन-बार) आणि एचएचव्ही-६ (ह्यूमन हर्पिस व्हायरस-६) या दोन विषाणूंची आयजीजी, म्हणजे त्यांच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, ‘हाय’ आली. ते पाहून एका डॉक्टरांनी सहा महिने व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर या अँटिव्हायरल, म्हणजे विषाणूविरोधी, गोळ्या घ्यायला सांगितलं. प्रायोगिक आहे, पण करून बघू, असं म्हणाले. नात्यातल्या एकाने परदेशातून अ‍ॅम्प्लिजेन नावाचं इंजेक्शन मागवायची खटपट चालवली आहे. आईचे प्रश्न असे: विषाणू अजून अंगात दडून बसलाय का? गोळ्या सुरू कराव्यात का? इंजेक्शनच्या मागे लागावं का? आणि सगळे म्हणतात तसं तिला रोज तळजाईवर फिरायला न्यावं का? पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे, ‘ती नोकरी सोडायचं म्हणते.’

ताई, पहिलं उत्तर सरळ देतो. आज हातात असलेल्या रिपोर्टवर या गोळ्या सुरू करू नका. तुमच्या मुलीचा आजार खरा आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण तो विषाणूच्या चालू वाढीमुळे आहे असं हा रिपोर्ट दाखवत नाही, आणि औषध मात्र फक्त चालू वाढीवरच काम करतं.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये ईबीव्हीच्या तीन ओळी आहेत. व्हीसीए आयजीएम निगेटिव्ह, व्हीसीए आयजीजी पॉझिटिव्ह आणि भरपूर, ईबीएनए आयजीजी पॉझिटिव्ह. व्हीसीए आणि ईबीएनए हे विषाणूचे दोन वेगळे भाग, आयजीएम आणि आयजीजी हे प्रतिपिंडांचे दोन प्रकार. ताज्या संसर्गात आयजीएम दिसते आणि काही आठवड्यांनी मावळते. ईबीएनएची आयजीजी संसर्गानंतर साधारण दोन ते चार महिन्यांनी उगवते आणि मग जन्मभर राहते. म्हणजे या तीन ओळी एकत्र वाचल्या तर अर्थ एवढाच निघतो की ईबीव्हीचा संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला. तो गेल्या पावसाळ्यातला असेल किंवा ती चौथीत असतानाचा असेल, हे या कागदावरून सांगता येत नाही. जगातल्या दहापैकी नऊहून जास्त प्रौढांचा रिपोर्ट असाच येतो. तुमचा स्वतःचा काढला तर बहुधा तोही असाच येईल. आकडा मोठा आहे म्हणून विषाणू जास्त, असंही नाही. तो आकडा प्रतिपिंडांचा आहे, विषाणूचा नाही, आणि दोन लॅबचे आकडे तर एकमेकांशी ताडूनही पाहता येत नाहीत. एचएचव्ही-६चा संसर्ग बहुतेक मुलांना वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत होऊन जातो, तेव्हा ती आयजीजी नसती आली तरच नवल.

विषाणू अंगात आहे का, तर हो, आहे. हे दोन्ही विषाणू एकदा शिरले की जात नाहीत. ईबीव्ही रक्तातल्या बी पेशींमध्ये सुप्त राहतो. या सुप्त अवस्थेत तो स्वतःच्या प्रती जवळजवळ काढतच नाही; पेशी दुभंगते तेव्हा पेशीचीच यंत्रणा त्याच्या डीएनएची नक्कल करून पुढे देते. अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर ही सगळी एकाच पद्धतीची औषधं आहेत. विषाणूचं स्वतःचं एन्झाइम त्यांना जागं करतं, मग ती विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजमध्ये, म्हणजे प्रती काढणाऱ्या यंत्रात, खोटा कच्चा माल म्हणून शिरतात आणि प्रत अर्ध्यावर तुटते. झेरॉक्सचं मशीन बंदच असेल तर त्यात कागद अडकवून काहीच साधत नाही. म्हणून या गोळ्यांनी सुप्त विषाणू ‘साफ’ होत नाही, सहा महिने घ्या की सहा वर्षं.

मशीन चालू आहे का, हे पाहायला वेगळी तपासणी लागते: ईबीव्ही डीएनए, क्वांटिटेटिव्ह पीसीआर. नमुना प्लाझ्माचा (पेशी वगळून उरलेल्या रक्तद्रवाचा) आहे की पूर्ण रक्ताचा, हे लॅबला आधी विचारा आणि रिपोर्टवर लिहून घ्या. पूर्ण रक्तात निरोगी माणसाच्या सुप्त पेशींमुळेही थोडा डीएनए सापडतो. प्लाझ्मातला जास्त बोलका. एचएचव्ही-६च्या पीसीआरमध्ये आणखी एक खाच आहे. शंभरात साधारण एका माणसाच्या गुणसूत्रातच हा विषाणू जन्मापासून जोडलेला असतो, आईबापांकडून वारशाने आलेला. अशा माणसाच्या पूर्ण रक्तात डीएनए नेहमीच प्रचंड दिसतो आणि त्यावर अँटिव्हायरलचा काही उपयोग नसतो. हे न ओळखता वर्षभर गोळ्या चालू राहू शकतात.

खरोखर चालू राहिलेला जुनाट ईबीव्ही आजार असतो, पण तो दुर्मिळ आहे आणि त्याचं रूप वेगळं असतं: महिनोनमहिने ताप, वाढलेल्या गाठी, यकृत-प्लीहेची सूज, रक्तातल्या पेशी कमी होणं आणि पीसीआरमध्ये फार मोठा आकडा. जपान आणि पूर्व आशियात तो जास्त नोंदला गेला आहे. तिथे अँटिव्हायरल गोळ्या पुरत नाहीत, शेवटी मूळपेशींचं प्रत्यारोपणच करावं लागतं. तुमच्या मुलीला आता ताप नाही, सोनोग्राफी नॉर्मल आहे, सीबीसी नॉर्मल आहे. तेव्हा ती भीती मनातून काढून टाका.

आता पुराव्याकडे येऊ, कारण डॉक्टरांनी ‘प्रायोगिक’ म्हटलंय आणि प्रयोगात काय निघालं ते तुम्हाला माहीत असायला हवं. थकव्याच्या या आजाराला एमई/सीएफएस (मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस / क्रॉनिक फटीग सिंड्रोम) म्हणतात. अ‍ॅसायक्लोव्हिरचा अभ्यास १९८८ साली अमेरिकेत झाला. २७ रुग्ण होते, खरं औषध आणि खोटं औषध दोन्ही देऊन तुलना केली. फरक दिसला नाही, आणि तिघांची मूत्रपिंडं तात्पुरती बिघडल्यामुळे त्यांना अभ्यासातून बाहेर काढावं लागलं. व्हॅलगॅन्सायक्लोव्हिरची गोष्ट स्टॅनफर्ड विद्यापीठातली. २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासात बारा निवडक रुग्णांना ते उघडपणे, खोट्या गोळीशी तुलना न करता दिलं, नऊ जणांना बरंच बरं वाटलं. त्या नऊ जणांच्या बातमीवर आजही गोळ्या लिहून दिल्या जातात. पण त्यानंतर २०१३ साली ३० जणांचा नीट अभ्यास छापून आला. २० जणांना औषध, १० जणांना खोटी गोळी, सहा महिने. थकव्याच्या मुख्य मोजणीत दोन गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मानसिक थकवा आणि एकाग्रता या काही उपमापनांत मात्र औषधाच्या गटाला फायदा दिसला. आणि तुमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट: प्रतिपिंडांचे आकडे दोन्ही गटांत सारखेच राहिले. म्हणजे ज्या आकड्यावर औषध लिहून दिलं, तो आकडा औषधाने हललाच नाही. ज्यांना बरं वाटलं त्यांना कदाचित प्रतिकारशक्तीवरच्या परिणामामुळे वाटलं असेल, असं संशोधकांनीच लिहिलं आहे.

तीस जणांच्या अभ्यासावर किती टेकावं? याच आजारात रिटुक्सिमॅब या दुसऱ्या औषधाचं काय झालं ते पाहा. नॉर्वेत २०११ साली ३० रुग्णांच्या अभ्यासात फार छान निकाल आला, जगभर आशा पसरली. मग १५१ रुग्णांवर मोठा अभ्यास केला. २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा औषध आणि खारं पाणी यांत फरक उरला नव्हता. त्याआधी २००९ मध्ये एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू या रुग्णांत सापडल्याचं छापून आलं, काहींनी एचआयव्हीची औषधंही सुरू केली, आणि २०११ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. प्रयोगशाळेतली भेसळ निघाली. कोविडनंतरच्या थकव्यात पॅक्सलोव्हिड हे कोविडचं अँटिव्हायरल पंधरा दिवस देऊन १५५ जणांवर पाहिलं, २०२४ मध्ये निकाल आला, फायदा नाही. इतकी वर्षं रखडलेल्या रुग्णांना पुन्हा पुन्हा अशी आशा दाखवून ती मोडणं आम्हाला फार क्लेशदायक वाटतं. म्हणूनच इतकं सविस्तर लिहिलं.

व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर हे चांगलं औषध आहे, ते अवयव-प्रत्यारोपणाच्या रुग्णांना सीएमव्ही (सायटोमेगालोव्हायरस) या विषाणूपासून वाचवतं. पण ते फक्त विषाणूचंच पॉलिमरेज अडवतं असं नाही, थोड्या प्रमाणात आपल्या पेशींनाही धरतं. सगळ्यात भराभर दुभंगणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतल्या, म्हणून पहिला फटका तिथे: पांढऱ्या पेशी पडतात, मग हिमोग्लोबिन, प्लेटलेट. औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशारा आहे: रक्तपेशी कमी होणं, प्रजननक्षमतेवर परिणाम, गर्भाला इजा, आणि कर्करोगाचा संभव. २७ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ही चौकट वाचल्याशिवाय चिठ्ठी लिहिली गेली असेल तर ते चुकलं. स्टॅनफर्डच्या पद्धतीने द्यायचं तर पहिले २१ दिवस ९०० मिलिग्रॅम दोन वेळा, मग ९०० मिलिग्रॅम एकदा. ४५० च्या गोळ्या धरल्या तर सहा महिन्यांत सुमारे चारशे गोळ्या होतात. खर्चाचा हिशेब केमिस्टकडून आधीच काढून घ्या.

तरीही पीसीआर वारंवार पॉझिटिव्ह आली, संसर्गरोगतज्ज्ञाने पाहिलं, आणि मुलीने स्वतः विचार करून हो म्हटलं, तर नाही म्हणणारे आम्ही कोण? पण मग काही गोष्टी सुरू करण्याआधी कागदावर हव्यात. क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता), कारण हे औषध मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं आणि क्लिअरन्स कमी असेल तर डोस कमी करावा लागतो. गर्भधारणेची तपासणी. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर किमान ३० दिवस खात्रीचं गर्भनिरोधन. पुरुष रुग्णाला हेच ९० दिवस. हा विषय आईसमोर निघायला अवघड जातो, तेव्हा डॉक्टरांशी बोलताना मुलीला थोडा वेळ एकटीला द्या. गोळी जेवणासोबत, अख्खी गिळायची. तोडायची नाही, कुटायची नाही, आणि फुटली तर उघड्या हाताने उचलायची नाही.

पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी, विथ डिफरन्शियल. नंतर दोन आठवड्यांनी एकदा, सोबत क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या. लॅबवाले घरी येऊन रक्त नेतात, त्यासाठी तिला बाहेर काढू नका. रिपोर्टमध्ये फक्त एकूण पांढऱ्या पेशी पाहून समाधान मानू नका. न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, जंतूंशी लढणारा. एकूण पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्याने गुणा. समजा एकूण ४२०० आणि न्यूट्रोफिल ३८ टक्के, तर ४२०० गुणिले ०.३८, म्हणजे १५९६. हा आकडा १५०० च्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १००० च्या खाली असेल तर पुढची गोळी त्यांच्याशी बोलल्याशिवाय घ्यायचीच नाही. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली, प्लेटलेट २५,००० च्या खाली किंवा हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर हे औषध सुरूच करू नये, असं माहितीपत्रकच सांगतं. पेशी कमी असताना १०० पूर्णांक ४ च्या वर ताप चढला तर पॅरासिटामोल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल.

आणि थांबायचं कधी, ते सुरू करतानाच ठरवा. तीन महिन्यांनी काय मोजून ठरवणार? ‘जरा बरं वाटतंय’ पुरेसं नाही. दिवसाचे किती तास ती उभी किंवा बसलेली असते, आठवड्यात किती दिवस अंथरुणात जातात, हे औषधाआधी चार आठवडे लिहून ठेवा. तीन महिन्यांनी फरक नसेल तर बंद. ज्या डॉक्टरांना ही अट नको वाटते, त्यांच्याकडून हे औषध घेऊ नका.

व्हॅलासायक्लोव्हिर ‘सौम्य आहे, ते तरी घ्या’ असंही कोणी सांगेल. ते अस्थिमज्जेला सहसा त्रास देत नाही हे खरं, पण ईबीव्हीवर त्याचा जोर कमी आणि सुप्त विषाणूवर शून्य. पाणी कमी पडलं तर त्याचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांत साचतात. त्यावर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज चालू असतील तर मूत्रपिंडावर दुहेरी ताण येतो.

कुठलीही अँटिव्हायरल तोंडात टाकण्याआधी तीन तपासण्या झाल्याच पाहिजेत आणि तुमच्या फाइलमध्ये त्या दिसत नाहीत: एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीसाठी), अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीसाठी) आणि एचआयव्ही. थकव्यासाठी काही जण टेनोफोव्हिरही लिहून देतात, जे हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीवरचं औषध आहे. अंगात न कळलेला हिपॅटायटिस बी असेल तर ते चालू असेपर्यंत विषाणू दबतो आणि अचानक बंद केलं की यकृताला जोरात सूज येते. न कळलेल्या एचआयव्हीत एकच औषध दिलं तर विषाणू त्याला दाद देईनासा होतो. दुसरं म्हणजे, हे खरे जुनाट विषाणूसंसर्ग आहेत, थकवा हे त्यांचं लक्षण असू शकतं, आणि इथे औषधं पक्की आहेत. हिपॅटायटिस सीमध्ये आरएनए पीसीआर पॉझिटिव्ह आली तर सोफोसबुव्हिरसोबत डाक्लाटास्व्हिर किंवा व्हेल्पाटास्व्हिर, बहुतेकांना १२ आठवडे, आणि शंभरातल्या नव्वदाहून जास्त लोकांच्या अंगातून विषाणू कायमचा जातो. २०१८ पासून राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. वेळ आली तर ससूनला चौकशी करा.

बाकीच्या तपासण्यांत बी-१२, फेरिटिन, टीएसएच, एचबीए१सी, कॅल्शियम, सकाळी आठची कॉर्टिसॉल, टीटीजी-आयजीए, लघवीची साधी तपासणी आणि छातीचा एक्स-रे. घर शाकाहारी असल्याचं तुम्ही लिहिलंय, तेव्हा बी-१२ आधी पाहा. वजन उतरत असेल किंवा संध्याकाळचा बारीक ताप असेल तर टीबी शोधल्याशिवाय दुसरं काही नाही. आजार पावसाळ्यात सुरू झाला, पुण्यात डेंगी-चिकुनगुनियाचा तोच मोसम. सांधे दुखत असतील तर चिकुनगुनियाची आयजीजी करून घ्या. त्यातली सांधेदुखी महिनोनमहिने रेंगाळते, त्यावर मान्यता मिळालेलं अँटिव्हायरल नाही, पण संधिवाताच्या डॉक्टरांकडे बरेच उपाय आहेत. कोणी ‘एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) तपासून आणा’ म्हणेल. आंबेडकर रस्त्यावरची ती संशोधन संस्था आहे, तिथे ओपीडी नाही, नमुने रुग्णालयांमार्फत जातात. हेलपाटा घालू नका.

अ‍ॅम्प्लिजेनचं थोडक्यात. खरं नाव रिंटाटोलिमॉड. हे विषाणू मारणारं औषध नव्हे, प्रतिकारशक्तीला चेतवणारं आहे. अभ्यासात ते ४०० मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा, शिरेतून, ४० आठवडे दिलं होतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, पुरावा अपुरा म्हणून २००९ आणि २०१३ मध्ये मान्यता नाकारली. २०१६ मध्ये अर्जेंटिनाने दिली. भारतात मान्यता नाही. वैयक्तिक वापरासाठी परदेशी औषध आणायचं तर फॉर्म १२-ए भरून १२-बीचा परवाना काढावा लागतो, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. कुरिअरने परस्पर मागवलेली बाटली वाटेत किती दिवस उन्हात होती हे कोणालाच कळत नाही, आणि आत काय आहे तेही. शिरेतून द्यायच्या औषधात ही जोखीम घेऊ नका.

आणि ‘प्रायोगिक’ या शब्दाचा कायदेशीर अर्थही लक्षात असू द्या. भारतातली खरी क्लिनिकल ट्रायल सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या यादीत नोंदलेली असते. क्रमांक मागा, संकेतस्थळावर कोणालाही तो तपासता येतो. २०१९ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, तुम्हाला समजेल अशा भाषेत संमतिपत्र लागतं, इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी ठरलेली असते. ट्रायलमध्ये औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. तुम्हाला सांगितलेल्या उपचारात क्रमांक नाही, कमिटी नाही आणि बिल तुमच्या नावावर आहे. म्हणजे ती ट्रायल नव्हे, मान्यतेबाहेरचा वापर आहे. तो बेकायदा नसतो, पण इजा झाली तर मागे कोणी उभं नसतं.

आता फिरायला नेण्याचं. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, जे आम्हाला रिपोर्टपेक्षा मोलाचं वाटलं: रविवारी पर्वती चढून आली, त्या दिवशी बरी होती, आणि मंगळवार-बुधवार अंथरुणातून उठली नाही. श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी कोसळणं, हेच या आजाराचं मुख्य लक्षण. सहा महिन्यांहून जास्त चाललेला थकवा, श्रमानंतरचं कोसळणं, ताजं न करणारी झोप, आणि सोबत डोक्यातला गोंधळ किंवा उभं राहण्याचा त्रास. बाकी कारणं वगळली गेली तर निदान इथेच होतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये असं सांगितलं. म्हणून तळजाई नको, पर्वती नको, ‘रोज दहा पावलं वाढव’ नको. आज जितकं जमेल असं तिला वाटतं त्याच्या निम्मंच करायचं, आणि थकण्याआधी आडवं व्हायचं. अंघोळ स्टुलावर बसून, भाजी बसून चिरायची. कोसळण्याचे दिवस महिन्याभरात कमी होतात का ते वहीत पाहा.

ओट्याशी धडधडतं, त्याची तपासणी घरीच होते. बीपीचं डिजिटल मशीन हवं, नाडीही दाखवणारं. सकाळी, चहा-कॉफीआधी तिला दहा मिनिटं आडवं ठेवा. शेवटच्या दोन मिनिटांत दोनदा बीपी आणि नाडी लिहा. मग भिंतीला पाठ टेकून उभं करा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर. पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही. दहा मिनिटं दर मिनिटाला आकडे लिहायचे. तुम्ही शेजारी हात धरण्याच्या अंतरावर उभ्या राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच निजवा, परीक्षा पूर्ण करण्याचा हट्ट नको. नाडी आडवी असतानाच्या तुलनेत ३० किंवा त्याहून जास्त वाढली आणि बीपी पडलं नाही, तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या आजाराचा, संशय. पहिल्या तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर उभं राहिल्यावर बीपी पडण्याचा आजार. तो कागद घेऊन हृदयरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे जा.

इथे आमची आशा जास्त आहे, कारण इथे करण्यासारखं बरंच आहे. दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी. मूत्रपिंड आणि बीपी ठीक असेल तर डॉक्टरांना विचारून मीठ वाढवणं. कमरेपर्यंतचे घट्ट स्टॉकिंग. आणि गरज पडली तर नाडी मंद करणारं औषध: प्रोप्रॅनोलॉल अगदी लहान डोसात किंवा इव्हाब्रॅडिन. ओआरएस घ्यायचं तर एक लिटरमध्ये कालवायचं डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याचं पाकीट घ्या, त्यात २.६ ग्रॅम मीठ असतं. दुकानातली गोड पेयं त्याची जागा घेत नाहीत. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी दोन ग्लास पाणी प्यायचं आणि दोन मिनिटं काठावर बसून मग उभं राहायचं. डोक्यातला गोंधळही पुष्कळदा यानेच निवळतो, कारण उभं असताना मेंदूकडे रक्त कमी पोचत असतं.

नोकरीचं शेवटी विचारलंत. राजीनामा आत्ता देऊ नका. आधी फिजिशियनकडून निदान लिहिलेलं प्रमाणपत्र घ्या, त्यात ‘सलग उभं राहणं आणि रोजचा प्रवास टाळावा’ हे स्पष्ट शब्दांत असू द्या. त्या कागदावर पगारी वैद्यकीय रजा आधी संपवा, मग काउंटरऐवजी बसून करायचं काम आणि कमी तास लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. गटविमा नोकरीला बांधलेला असतो, आणि पुढच्या सहा महिन्यांतल्या तपासण्यांना तो लागणार आहे. भिंतीशी केलेल्या चाचणीचे आकडे आणि पीसीआरचा रिपोर्ट आला की दोन्ही आम्हाला पाठवा.